डिस्क ब्रेकच्या आवाजाचे निदान

अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरावरून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावर नेर परसोपंत हे तालुक्याचे गाव आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या या काळ्या मातीच्या मुलखात जो लहानाचा मोठा झाला, त्याच्या हाताला एक सवय इतकी मुरलेली असते की ती सवय आहे हेही त्याच्या ध्यानी येत नाही: यंत्र कुरकुरले की त्याला तेल द्यायचे. बंडीचा आस, शिलाईचे यंत्र, दाराची बिजागरी, साध्या सायकलीची साखळी या सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच धडा दिला, आणि तो धडा खोटा नव्हता. कारण त्या सर्व ठिकाणी घर्षण हेच नुकसानीचे मूळ असते आणि वंगणाने त्याचे निवारण होते. परंतु जाड टायरांच्या, पुढे शॉकअप बसविलेल्या, ज्यांना सरसकट ‘गिअरची सायकल’ म्हटले जाते अशा माउंटन बाइक आता आमच्या रस्त्यांवर आणि पांदणींवर दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या चाकाच्या मध्याशी असलेली पोलादी डिस्क ओरडू लागली म्हणजे तोच अन्यत्र हितकर असलेला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. ज्या यंत्राचे अवघे कार्य घर्षणावर चालते, त्याच्यातील घर्षणच तो नाहीसे करून बसतो. म्हणून हे प्रकरण लिहिताना माझा आग्रह एकच आहे, तो असा की डिस्क ब्रेकचा आवाज आल्यावर हाताआधी कान कामाला लावावा, आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही याचा नीट तपास करावा, आणि मगच पान्याला हात घालावा.

तपास करायचा तर रचना डोळ्यांसमोर असली पाहिजे. हँडलवरील लिव्हर दाबली की तिच्यामागचा लहान दट्ट्या नळीतील तेल पुढे ढकलतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब त्यात सर्वत्र सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कालचा सिद्धांत १६६३ साली, त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच सिद्धांताच्या आधारे चाकाजवळच्या कॅलिपरमधील मोठ्या व्यासाचे दट्टे कित्येक पट अधिक बळाने बाहेर येतात आणि आपल्या पुढ्यातील पॅड डिस्कवर दोन्ही बाजूंनी आवळतात. इथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही तो भाग असा की, हात सोडल्यावर हे दट्टे मागे कोण नेते. पॅडांच्या मध्ये पातळ पत्र्याची एक स्प्रिंग असते खरी, पण मुख्य काम करते ते प्रत्येक दट्ट्याभोवती बसविलेले चौकोनी छेदाचे रबरी कडे. दट्ट्या पुढे सरकताना हे कडे त्याला धरून राहते आणि स्वतः तिरपे होते. दाब ओसरला की ते पूर्ववत होते आणि जाताना दट्ट्याला आपल्यासोबत तितकेच मागे ओढते. पॅड झिजले तर दट्ट्या कड्यातून थोडा निसटून पुढे सरकतो आणि नव्या जागी तेच चक्र सुरू होते, म्हणून या ब्रेकला केबलच्या ब्रेकप्रमाणे वरचेवर आवळावे लागत नाही. मात्र या साऱ्या व्यवस्थेत पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये उरणारे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, आणि आवाजाच्या निम्म्या तक्रारी त्या अंतरातच जन्म घेतात.

डिस्क ब्रेकच्या आवाजाची तक्रार या ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील मोटारनिर्माता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले तेव्हा त्याने डिस्कवर घासण्यासाठी तांब्याचे अस्तर वापरले होते, आणि धातूवर धातू घासल्याने त्यातून असा कर्कश आवाज निघे की ती मोटार चालविणे असह्य होई. पुढे १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड याने ॲस्बेस्टॉसचे अस्तर योजले आणि त्या किंकाळीला आळा बसला. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याचीही गच्छंती झाली, पण अस्तर कशाचे आहे यावर आवाज अवलंबून असतो ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली. सायकलीकडे हा ब्रेक पुष्कळ उशिरा आला. कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस पर्वताच्या परिसरात १९७६ साली जुन्या, जाडजूड सायकलींवरून उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा त्या सायकलींना हबमधले कोस्टर ब्रेक असत; एका फेरीतच आतले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा भरून घ्यावा लागे, यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक माउंटन बाइकवर रूढ झाले ते १९९० नंतरच्या दशकात.

आवाज होतो म्हणजे नेमके काय होते? या प्रश्नाचे सर्वांत सुबोध उत्तर ब्रेकच्या शास्त्रात नसून संगीतात आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ज्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविले त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेतर्फे गजाने वाजविल्या जाणाऱ्या तारांच्या कंपनांवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला होता. सारंगीचा किंवा व्हायोलिनचा गज तारेवरून फिरतो तेव्हा राळ लावलेले केस तारेला चिकटून तिला आपल्याबरोबर ओढीत नेतात. ताण वाढला की तार निसटते, परतते आणि पुन्हा चिकटते. स्थिर वस्तूमधले घर्षण सरकत्या वस्तूमधल्या घर्षणाहून अधिक असते, एवढ्या एका कारणाने ही धरसोड सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि आपल्याला सूर ऐकू येतो. पॅड आणि डिस्क यांच्यामध्येही अशीच धरसोड चालू शकते. शिवाय डिस्कचे स्वतःचे कंपन आणि कॅलिपरचे किंवा पॅडचे कंपन यांच्या वारंवारता एकमेकींच्या जवळ आल्या तर ती कंपने एकमेकांना खतपाणी घालतात आणि घर्षण एकसारखे असतानाही किंकाळी फुटते, हेही आता निश्चित झाले आहे. त्यामुळे एकच किंकाळी तेलकट पॅडमुळे, ढिल्या बोल्टमुळे किंवा तिरप्या बसलेल्या कॅलिपरमुळे येऊ शकते. नुसता आवाज ऐकून पॅड बदलणे हा म्हणूनच तपास नव्हे.

पहिला प्रश्न असा विचारावा: लिव्हर न दाबता आवाज येतो काय? सायकल उचलून चाक हाताने फिरवावे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी, ‘शिर्र’ असा आवाज येऊन लगेच थांबत असेल तर डिस्कला आऊट आहे, म्हणजे ती एके ठिकाणी किंचित वाकलेली आहे, असे समजावे. रस्त्यावरही हे ओळखता येते. २९ इंची चाकाचा परिघ सुमारे सव्वादोन मीटर असतो, म्हणून ताशी आठ किलोमीटरच्या सावकाश वेगात चाक सेकंदाला साधारण एक फेरा घेते, आणि वाकलेल्या डिस्कची शिर्र घड्याळाच्या ठोक्यासारखी सेकंदाला एकदा येते. वेग वाढला की तीही त्याच प्रमाणात भरभर येऊ लागते. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून पॅड आणि डिस्क यांच्यामधील उजेडाच्या फटीकडे पाहिले तर चाक फिरताना ती फट कोठे मिटते ते स्पष्ट दिसते. तेवढी जागा स्वच्छ फडक्याने धरून, किंवा डिस्कसाठी मिळणाऱ्या खाचेच्या पट्टीने, अगदी थोडी उलट दिशेला वाकवावी, पुन्हा फिरवावी, पुन्हा पाहावे. हे काम घाईचे नाही. एकदा जोर जास्त झाला तर दुसऱ्या बाजूचा आऊट पदरी पडतो. आणि उतारावरून आल्यावर लगेच डिस्कला बोट लावू नये, त्वचा भाजते.

शिर्र खंडित न होता सतत येत असेल तर डिस्क सरळ असून कॅलिपर एका बाजूला सरकलेला आहे, किंवा एक दट्ट्या मागे फिरत नाही. पहिल्या दोषावर इलाज सोपा आहे: कॅलिपर फ्रेमला धरून ठेवणारे दोन बोल्ट थोडे ढिले करावेत, लिव्हर घट्ट दाबून धरावी म्हणजे पॅड डिस्कला पकडून कॅलिपरला आपोआप मध्यावर आणतात, आणि लिव्हर न सोडता ते दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, शिमानो या कंपनीच्या निर्देशानुसार अखेरचा आवळ सहा ते आठ न्यूटन-मीटर असावा. दुसरा दोष आमच्याकडे विशेष आढळण्याजोगा आहे, आणि त्याचे कारण या मातीत आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली ही माती पाण्याने फुगते, चिकट होते आणि चाकाच्या प्रत्येक फटीत जाऊन बसते. उन्हाळ्यात तिची इतकी बारीक धूळ होते की ती दट्ट्याच्या कडेला जमून रबरी कड्यापर्यंत पोचते. असा दट्ट्या पुढे येतो, पण मागे जायला कुचराई करतो. पॅड काढून, लिव्हर हलके दाबून दट्टे जरासे बाहेर आणावेत, कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्यांच्या कडा पुसाव्यात, ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असेल तर त्याच तेलाचा बारीकसा अंश कडेला लावावा, प्लास्टिकच्या टायर-लिव्हरने दट्टे सरळ मागे ढकलावेत आणि उरलेले तेल अल्कोहोलने कसून पुसून टाकावे. पेचकसाने हे काम कधीही करू नये, कारण दट्ट्याची कड तुटली म्हणजे कॅलिपर निकामी होतो.

येथेच आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण दोन्हींचा संबंध याच घासण्याशी आहे. पंक्चर काढण्यासाठी चाक बाहेर काढलेले असताना कोणी सहज लिव्हर दाबली तर मध्ये डिस्क नसल्यामुळे दट्टे हवे त्यापेक्षा पुढे येतात आणि मग चाक बसत नाही, बसले तर घासत राहते. म्हणून चाक काढले की पॅडांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवावी. दुसरी गोष्ट वैशाखातली. पत्र्याच्या पडवीत पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलीतील तेल प्रसरण पावते; लिव्हरवरील टाकीत तेल प्रमाणाबाहेर भरलेले असेल तर त्याला पसरायला जागा उरत नाही, ते पॅड पुढे ढकलते, आणि सकाळी मुळीच न घासणारा ब्रेक दुपारी घासू लागतो. उन्हाप्रमाणे बदलणारी तक्रार ऐकली की आधी टाकीकडे पाहावे.

आता लिव्हर दाबल्यावर येणाऱ्या आवाजाकडे वळू. हा या विषयाचा गाभा आहे, आणि येथे मी एक दुसरा प्रश्न सर्वांत मौल्यवान मानतो: आवाज येतो तेव्हा ब्रेक पूर्वीइतकाच लागतो काय? आवाज येऊनही सायकल पहिल्याप्रमाणे नेटाने थांबत असेल, तर घर्षण शाबूत आहे आणि दोष कोठेतरी ढिलेपणात किंवा बैठकीत आहे. आवाजही येतो आणि ब्रेकही मवाळ झाला आहे अशी जोडतक्रार असेल, तर पॅडच्या पृष्ठभागावर तेलाचा संसर्ग झाला आहे किंवा तो पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. हा एक भेद ज्याने नीट ओळखला त्याने निम्मी लढाई जिंकली.

समजा, श्रावणातल्या एखाद्या सकाळी दारव्हा रस्त्याकडून एक मुलगा सायकल ढकलत दुकानात येतो आणि म्हणतो, “काका, मागचा ब्रेक लय किंचाळते. दोन थेंब तेल टाकून द्या ना.” अनुभवी मिस्तरी बाटलीला हात न लावता विचारतो, “थांब गा जरा. पाण्यातच किंचाळते का कोरड्यातबी?” “कोरड्यातबी. अन् लागतही नाही पहिल्यासारखा.” “चेनले तेल कधी मारलं?” “परवा. स्प्रेनं मारलं.” बस्स, एवढ्या जबानीत निकाल जवळपास लागला. साखळी उजवीकडे असते आणि डिस्क डावीकडे, त्यामुळे एकीचे तेल दुसरीला लागणार नाही असे वाटते; पण स्प्रेचा फवारा आऱ्यांमधून आरपार जातो आणि डिस्कवर असा पातळ थर धरतो की तो डोळ्यांना दिसतही नाही. चाक काढून पांढरे फडके अल्कोहोलमध्ये भिजवून डिस्कवरून फिरवले तर त्यावर करडा, ओशट पट्टा उमटतो. पॅड काढून उजेडाकडे तिरपा धरला तर निरोगी पॅडचा पृष्ठभाग निस्तेज, सारख्या रंगाचा, बारीक खरखरीत दिसतो. तेल प्यालेला पॅड काळसर दिसतो, त्यावर कोठे कोठे ओलसर चकाकी असते, आणि बोट न लावता नाकाजवळ नेला तर जळकट वास येतो.

अशा पॅडवर काचकागद घासण्याचा प्रयोग सर्वत्र केला जातो. पॅड नुसता भाजून गुळगुळीत झालेला असेल तर हा इलाज गुणकारी आहे: सपाट काचेवर काचकागद ठेवावा, पॅड त्यावर सपाटच धरून हलक्या हाताने फिरवावा, चकाकी गेली की थांबावे, आणि ती धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. पण तेल खोलवर मुरलेले असेल तर वरचा थर निघाल्यावर खालचे तेल पहिल्याच उष्णतेत पुन्हा वर येते. गॅसच्या ज्योतीवर पॅड भाजून तेल जाळण्याची युक्ती काही जण सांगतात; तिच्याने पॅडमधील बंधकद्रव्य जळून अस्तर पत्र्यापासून सुटण्याचा धोका आहे, धूर अपायकारक आहे, आणि ब्रेकसारख्या वस्तूवर असा जुगार खेळणे मला मान्य नाही. तेल मुरलेले पॅड टाकून नवे घालावेत. डिस्क मात्र टाकावी लागत नाही, कारण पोलाद तेल पीत नाही. ती अल्कोहोलने दोनतीनदा, दर वेळी स्वच्छ फडका घेऊन पुसली की पुरे. या कामी हँड सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात बहुधा हाताची त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन घातलेले असते आणि ते डिस्कवर मागे राहते. रॉकेल आणि पेट्रोल यांनीही ओशटपणा मागे उरतो. पुसलेल्या डिस्कला उघड्या बोटाने शिवू नये, हेही सांगायला हवे.

ब्रेक नेटाने लागतो आणि तरीही किंचाळतो, अशा वेळी पान्याचा क्रम ठरलेला असावा. सर्वांत आधी डिस्कचे बोल्ट पाहावेत. बहुतेक डिस्क सहा बोल्टांनी हबला जोडलेल्या असतात आणि त्यांना चांदणीच्या आकाराच्या टोकाचा टी-२५ पाना लागतो; एकही बोल्ट ढिला असेल तर डिस्क हबवर सूक्ष्म हेलकावे खाते. नंतर कॅलिपरचे बोल्ट, नंतर चाकाचा आस. आणि हे सारे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, सायकल चालवून पाहावी, मग दुसरीकडे वळावे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला तर तो कशाने थांबला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परत आला म्हणजे सारा तपास मुळापासून करावा लागतो.

याहून वेगळा, खर्जातला एक आवाज असतो. जोराने थांबताना साऱ्या सायकलीतून घुर्रर्र अशी गुरगुर उठते, हँडल थरथरते, शॉकअपचे पाय कापतात. ही किंकाळी नव्हे. येथे डिस्क आणि पॅड यांची धरसोड फ्रेमच्या, आऱ्यांच्या किंवा शॉकअपच्या कंपनाशी जुळलेली असते आणि दोष पुष्कळदा ब्रेकबाहेर सापडतो. पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि सायकल मागेपुढे हलवावी. हँडलखालच्या बेअरिंगवर बोट ठेवले असता तेथे खट्‌ असा धक्का जाणवला तर हेडसेट ढिला आहे. चाक दोन्ही हातांनी आडवे हलवले असता खुळखुळले तर हबच्या बेअरिंगमध्ये फट आहे. आरे जोडीजोडीने दाबून पाहावेत, एखादी जोडी लिबलिबीत लागली तर ताण कमी झाला आहे. यांपैकी काहीच नसेल तर डिस्कची जाडी मोजावी. नवी डिस्क सुमारे १.८ मिलिमीटर जाड असते, आणि शिमानोच्या डिस्क १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की बदलाव्या लागतात. पातळ झालेली डिस्क अधिक सहज थरथरते आणि अधिक लवकर तापते.

धातूवर धातू खरवडल्यासारखा करकर आवाज आला तर मात्र तेथेच उतरावे आणि सायकल ढकलत न्यावी. अस्तर संपून पॅडचा पोलादी पत्रा डिस्कला भिडला आहे, आणि प्रत्येक थांब्यागणिक तो डिस्कवर चर पाडतो आहे, असा या आवाजाचा अर्थ आहे. अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आले म्हणजे पॅड बदलावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. चिखलात तो दंडक फार लवकर गाठला जातो. काळ्या मातीत मिसळलेले वाळूचे कण अस्तराला उगाळून काढतात, म्हणून आषाढ-श्रावणात पॅड आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घालण्यात हयगय करू नये.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर येथे एक दिलासाही द्यावा. ओली डिस्क पहिल्या काही थांब्यांना ओरडते, ओरडतेच. पाण्याचा थर घर्षणाची पातळी सारखी वरखाली करतो आणि धरसोडीला आयते निमित्त मिळते. दोनचार वेळा ब्रेक लावून डिस्क कोरडी झाली आणि आवाज थांबला, तर काहीही करू नये. पॅडच्या निवडीनेही येथे फरक पडतो: रेझिनचे पॅड मऊ आणि बहुधा शांत असतात, पण चिखलात भराभर झिजतात, धातूच्या कणांचे पॅड टिकाऊ असतात आणि उष्णता सोसतात, परंतु थंड किंवा ओले असताना अधिक गोंगाट करतात. स्वस्त सायकलींच्या पुष्कळ डिस्कवर केवळ रेझिनचेच पॅड वापरावेत असे कोरलेले असते. त्या मऊ पोलादाच्या डिस्कला धातूचे पॅड लावले तर ती झपाट्याने झिजते. पॅड घेण्यापूर्वी डिस्कवरचा हा मजकूर वाचावा.

उष्णतेचे गणित पाहिल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. नेरच्या आसपासचा प्रदेश बराचसा सपाट असला, तरी यवतमाळहून धामणगावकडे उतरणारा करळगावचा घाट किंवा चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे येणारा लांबलचक उतार गाठायला येथल्या सायकलस्वारांना फार दूर जावे लागत नाही. सायकलीसह नव्वद किलो वजनाचा स्वार शंभर मीटर उंची उतरला म्हणजे सुमारे ८८ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तीस अंशांचे तीनशे मिलिलिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास ती पुरेशी आहे. तिचा काही भाग वाऱ्यावर खर्च होतो, उरलेला डिस्क आणि पॅड यांच्या वाट्याला येतो, आणि डिस्कचे वजन असते अवघे शंभर-सव्वाशे ग्रॅम. जो स्वार उतारभर ब्रेक हलकासा दाबून ठेवतो त्याची डिस्क थंड व्हायला अवसरच मिळत नाही, रेझिनचा पॅड भाजून गुळगुळीत होतो आणि घाट उतरल्यावर किंचाळू लागतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग पाडावा आणि मध्ये ते पूर्ण सोडावेत, म्हणजे डिस्कला वारा लागतो. उतरून थांबल्यावर डिस्कमधून टिंग टिंग असे बारीक आवाज येतात, ते थंड होत असलेल्या पोलादाच्या आकुंचनाचे असतात आणि त्यांची चिंता करण्याचे कारण नाही.

नवे पॅड घातले की बहुतेक जण सायकल घेऊन थेट निघतात, आणि आठवड्याने पुन्हा तीच किंकाळी घेऊन परततात. नव्या अस्तराचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसला पाहिजे. तो बसेपर्यंत धरसोड थांबत नाही. त्यासाठी रहदारी नसलेला सरळ रस्ता पाहावा, मध्यम वेग घ्यावा आणि ब्रेक हळूहळू दाबीत चालण्याच्या गतीपर्यंत यावे; पूर्ण थांबू नये आणि चाक अडकू देऊ नये, कारण अडकलेल्या चाकाच्या डिस्कवर थराचा एकाच जागी ठसा उमटतो आणि तेथूनच पुढे थरथर सुरू होते. असे वीस वेळा करावे, मग थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा, आणि पुढचा व मागचा ब्रेक निरनिराळा रुळवावा.

नवे पॅड नीट रुळवूनही, स्प्रेला हात न लावताही, महिन्याभरात ते पुन्हा काळवंडले आणि ब्रेक मवाळ झाला, तर तेल बाहेरून येत नसून आतून येत आहे अशी शंका घ्यावी. पॅड काढून दट्टे आणि त्यांच्या कडा कोरड्या पुसाव्यात, मध्ये प्लास्टिकचा ठोकळा अडकवावा, लिव्हर दाबून रबरी पट्ट्याने रात्रभर तशीच बांधून ठेवावी आणि सकाळी दट्ट्याभोवती टिश्यू पेपर फिरवावा. त्यावर तेलाचा डाग आला तर रबरी कडे झिजले आहे. अशा वेळी आत कोणते तेल आहे हे आधी पाहावे, ते सामान्यतः लिव्हरवरील टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. शिमानो, टेक्ट्रो आणि मॅगुरा मिनरल ऑइल वापरतात. मोटारसायकलीच्या ब्रेकमध्ये असते ते डॉट प्रकारचे तेल हेज आणि होप यांच्या ब्रेकमध्ये, तसेच स्रॅमच्या पुष्कळ मॉडेलांत असते, आणि ते रंगावर सांडले तर रंग खाते. एकाच्या जागी दुसरे घातले की रबर फुगते आणि सारा ब्रेक खराब होतो, म्हणून मोटारसायकलीच्या गॅरेजमधले तेल सायकलीत ओतू नये. काही कंपन्या सुटी कडी विकतच नाहीत. तेव्हा गळक्या कॅलिपरवर आणखी एक पॅडांची जोडी वाया घालविण्यापेक्षा कॅलिपर बदलून घ्यावा, नळीतील हवा काढवून घ्यावी, डिस्क अल्कोहोलने पुसावी आणि नव्या पॅडांना वर सांगितल्याप्रमाणे रुळवून मगच सायकल घाटात न्यावी.